टॉमी सरांची शेवटची ओळ

शनिवार : आधी भलतीकडे

महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन गावं आहेत, एक रायगडात आणि एक नगर जिल्ह्यात. माझ्या भाऊजींना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना ठाऊक होतं, मोबाईलला ठाऊक नव्हतं. परिणाम एकच झाला. सकाळी साडेसातला पुण्याहून निघालेले आम्ही नऊ वाजता लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानासमोर उभे होतो.

तळेगावला मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, नगरच्या बाजूला जायचं तर आपण हडपसरवरून नको का जायला?"

"मंजू, मोबाईल रस्ता सांगतोय ना? तू सँडविच खा."

मी सँडविच खाल्लं. चिक्कीवाल्यानं "घाट उतरलात की कर्जत आलंच" असं सांगितलं, तेव्हा कुठे भाऊजींचा चेहरा उतरला. "घाट? कुठला घाट?" म्हणाले. मग आपण मुद्दामच इकडे आलो असं दाखवायला त्यांनी एक किलो चिक्की घेतली. आल्या वाटेनं पुन्हा पुणं. ताईनं बरोबर यायला साफ नकार दिला होता तो का, ते मला लोणावळ्यात कळलं. तिचा संसार आहे पंचेचाळीस वर्षांचा, तिला माणूस माहीत आहे.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. तुळशीराम ओहोळ हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. पण मुंबईच्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी टॉमी ओहोळ या नावानं जे गृहस्थ जॅझ ट्रम्पेट वाजवायचे, त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं अजून आहेत. त्यातली पाच दर रविवारी भाऊजींच्या दिवाणखान्यात जमतात. पाचही निवृत्त, पाचही ठार वेडे. गप्पा एकाच विषयावर : टॉमी सरांना कुणी किती वेळा समोर बसून ऐकलं. पावसात भिजत ऐकलं, ताप अंगात असताना ऐकलं, एकानं म्हणे स्वतःच्या साखरपुड्याला उशीर करून ऐकलं. मी चहा घेऊन गेले की भाऊजी न चुकता म्हणणार, "हिनं फक्त कॅसेट ऐकलीय हो. प्रत्यक्ष ऐकण्यात जे आहे ते कॅसेटमध्ये नाही." आणि बाकीचे चौघं माझ्याकडे बघून हळहळणार. मला त्या वेळी चहाचा ट्रे कुणाच्या तरी मांडीवर ओतावासा वाटतो.

मी काही माझ्या मर्जीनं कॅसेट ऐकत बसले नव्हते. आमचे बाबा आणि भाऊजी, सासरे-जावई, जोडीनं त्या हॉटेलात जायचे. मी हट्ट धरला की आधी "तू लहान आहेस" आणि पुढे "तू मुलगी आहेस" हे उत्तर मिळायचं. एकदा बाबांनी टेबलाखाली रेकॉर्डर ठेवून एक संथ चाल टेप करून आणली, टॉमी सरांची स्वतःची. ती मी गेली चाळीस वर्षं ऐकते आहे. पण शेवटची ओळ यायच्या आत टेप संपली. चाल चढत चढत वर जाते, एका सुरावर थांबते, आता खाली येणार असं वाटतं आणि खट्! बाबा होते तोवर त्यांना विचारायची, ते हसून म्हणायचे, "तुला ऐकवीन एकदा नेऊन." नेलं नाही. भाऊजींना म्हणून दाखवा म्हटलं तर ते दर वेळी निराळंच काहीतरी गुणगुणतात, आणि त्यांचा गळा असा आहे की मांजर बाहेर जातं.

तर महिन्यापूर्वी टॉमी सरांनी फोनवर भाऊजींना सांगितलं की भावाच्या नातीचं लग्न आहे, त्यात ती संथ चाल वाजवणार आहे, आणि ते शेवटचंच. वय अठ्ठ्याहत्तर. पुढचे दात काढून कवळी बसवलेली. ट्रम्पेटवर ओठ दाबून धरायला मागे दातांचा आधार लागतो आणि कवळी हलते म्हणे. बाकीच्या चौघांपैकी कुणाचे गुडघे, कुणाचा मोतीबिंदू. मी त्या क्षणी सांगितलं, "मी येणार." मला ती ओळ ऐकायची होती. एवढंच.

कर्जत, हे खरं

भिगवण सोडून राशीनच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार टळली होती. ज्वारी कापणीला आलेली. मध्येच एखादी लिंबाची बाग, गर्द हिरवी, आणि तिच्या बांधापलीकडे एकदम उघडा माळ, बाभळी आणि धोंडे. पाणी कुठवर पोचलंय ते डोळ्यांनी मोजता येतं. सरकारी पाट्यांवर अहिल्यानगर आणि माणसांच्या तोंडी नगर, त्यामुळे भाऊजी प्रत्येक पाटीपाशी गाडी हळू करून "आपण बरोबर चाललोय ना?" असं मला विचारत होते. लोणावळ्याला जाताना ही शंका का आली नाही, हे मी विचारलं नाही. रेहेकुरीचं अभयारण्य जवळच, रस्त्यालगत चार काळवीटं दिसली. मी बघत राहिले. भाऊजींनी फोटोसाठी काच खाली केली आणि हॉर्नवर कोपर पडलं. काळवीटं गेली.

लॉजवर मॅनेजरनं गरम पाण्याची वेळ सकाळी सात सांगितली. (सात म्हणजे सव्वानऊ.) जेवायला खानावळीत हुलग्याची शेंगोळी होती, लसणाचा दरवळ थेट रस्त्यापर्यंत. पुण्यात आम्ही शेंगोळी वर्षातून एकदा हौस म्हणून करतो आणि त्यात गूळ घालतो, हे मी खानावळवाल्या बाईंना सांगायला नको होतं.

"गूळ? शेंगुळ्यात?" त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग बासुंदीत मिरची टाकत आसाल!"

भाऊजींनी पहिल्या घासाला ठसका खाल्ला. "जरा कमी तिखटाचं मिळेल का?"

"तिखट कुठं हाय ओ त्याच्यात? लेकरं खात्यात आमची."

भाऊजींनी तीन ग्लास ताक पिऊन लेकरांची बरोबरी केली. मी दोनदा वाढून घेतलं. त्या दिवसातलं एवढं एकच काम धड झालं होतं.

रविवार : टॉमीचा शोध

गाव कर्जतपासून अर्ध्या तासावर. लग्न साडेबाराचं, आम्ही अकरालाच हजर. भाऊजींनी स्टँडवर एका मोटरसायकलवाल्याला थांबवलं.

"टॉमी सर कुठे राहतात?"

"कोन?"

"टॉमी. टॉमी!"

त्यानं गाडी बंद केली, चेहरा काळजीचा केला. "कवा हरवलं? गळ्यात पट्टा हुता का?"

मला हसू आवरेना आणि भाऊजींना राग. "कुत्रं नाही हो! फार मोठे कलाकार आहेत. ट्रम्पेट वाजवतात." त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेऊन वाजवूनही दाखवलं.

"पिपानी?"

"पिपाणी नव्हे, ट्रम्पेट!"

"आँ, तुळशीनाना व्हय! मंग असं नीट सांगावं की. टॉमी काय म्हंताय एवढ्या मोठ्या मानसाला!"

भाऊजींनी तोंडापासचे हात खाली घेतले. चाळीस वर्षांच्या भक्तीवर एका वाक्यात पाणी पडलं होतं.

मांडव विहारासमोरच्या पटांगणात होता. बौद्ध पद्धतीचं लग्न मी पहिल्यांदाच बघत होते. वधूवर दोघंही पांढऱ्या कपड्यांत, वंदना झाली, अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या टाकल्या, आणि सगळं वीस मिनिटांत आटोपलं. आमच्याकडे नुसती मंगलाष्टकं एवढा वेळ चालतात, शिवाय प्रत्येक मावशीला स्वतःचं कडवं म्हणायचं असतं. मनात म्हटलं, वा, काय सुटसुटीत! पण हे वीस मिनिटांचं लग्न सुरू झालं दोन वाजता. कारण त्याआधी सत्कार होते.

आपल्याकडे सत्कार हा रोगच आहे, पण इथं तो फारच बळावलेला दिसला. माईकवर एक निवृत्त गुरुजी होते. आजी, माजी आणि भावी अशा सगळ्या पदाधिकाऱ्यांना त्यांनी नावानिशी पुकारलं, प्रत्येकाला शाल आणि गुलाबाचं फूल. मग कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं आणि गुरुजी गरजले, "पुण्याहून खास आलेले संगीततज्ज्ञ दिघेसाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती, यांनी कृपया मंचावर यावं!"

मी जागेवरून ओरडले, "मेहुणी! मेहुणी आहे मी!"

"मेहुणी तर मेहुणी, या की वर!" बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं आणि सगळा मांडव हसला. शाल घेऊन, कान लाल करून मी खाली आले. भाऊजींना पुढच्या सोफ्यावर मानानं बसवलं, मला बायकांत मागे.

शेजारी एक मावशी होत्या, हातात पंखा. कसल्यातरी संस्थेचे एक चेअरमन वधूवरांना आशीर्वाद देता देता धरणाच्या पाण्यावर घसरले होते आणि "आणखी दोनच शब्द" हे तिसऱ्यांदा म्हणत होते. एवढ्यात मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. चेअरमन नमस्कार करून खाली बसले.

"केवढा उत्साह आहे हो लोकांना!" मी म्हटलं.

"उत्साव कशाचा बाई? बसवला त्याला." मावशी थंडपणे म्हणाल्या. "लांबलं की टाळ्या वाजवायच्या. मानूस आपसूक बसतंय. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

मी मनमुराद हसले. पुण्याच्या व्याख्यानमालांना ही पद्धत लागू करावी असंही मनात आलं. पण पुढे सोफ्यावर बसलेल्या भाऊजींना हे जाऊन सांगावं, एवढं काही मला सुचलं नाही. आता वाटतं, तेवढंच सुचायला हवं होतं.

लग्न लागलं आणि मग नाना उठले. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. काटकुळे, पांढरा सदरा, केस चापून बसवलेले. कुणी खुर्ची पुढे केली ती त्यांनी हातानंच नको म्हटली. साथीला गावातल्या बँडचा एक कॅशिओवाला आणि एक ड्रमवाला. त्यांना नानांनी बोटानं लय दाखवली, ट्रम्पेट वर उचललं, आणि सुरू केलं.

काय सांगू? भाऊजींचं खरं होतं आणि ते कबूल करताना मला आजही त्रास होतो. कॅसेटमध्ये सूर आहे, पण सुराच्या आधीचा श्वास नाही. माणूस हवा आत घेतो, खांदे वर येतात, आता काय करणार म्हणून आपलाही श्वास अडतो, ते कॅसेटमध्ये कुठून असणार? आवाज थोडा कापत होता, कवळी हलली की सुराला कड यायची आणि नाना ती तशीच वळवून पुढे न्यायचे, जणू असंच वाजवायचं होतं. चाल मला पाठ. तरी प्रत्येक वळणावर मी नव्यानं चकत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. मावशींनी माझ्याकडे बघून पंख्यानं वारा घातला.

चाल चढली, वर गेली. तो सूर आला, टेप जिथं संपते तो. नानांनी तो धरला. पुढे मला कधी न ऐकलेलं ऐकायचं होतं.

आणि माझे भाऊजी सोफ्यावरून ताडकन उठले, "वा! क्या बात है!" म्हणाले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागले.

जॅझमध्ये म्हणे रसिक मध्येच टाळी देतात. वादकाची एक फेरी झाली, एखादी जागा साधली की दाद, आणि पुढचं चालू. हॉटेलात चालत असेल. इथं मांडवात टाळी म्हणजे आवरा! तीनशे माणसांनी पाहिलं की पुण्याचे संगीततज्ज्ञ टाळ्या वाजवतायत, म्हणजे संपलं, आणि सगळ्या मांडवानं मनापासून टाळ्यांचा पाऊस पाडला. कॅशिओवाला थांबला. ड्रमवाल्यानं काठ्या काखेत धरल्या. गुरुजींनी माईक उचलला, "धन्यवाद, नाना, धन्यवाद! आता नानांचा सत्कार..." नानांच्या ओठांवर ट्रम्पेट तसंच होतं. काही क्षण त्यांनी ते खाली घेतलं नाही. मग अंगावर शाल पडली.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या गदारोळात माझेही हात वाजत होते. कुणी वाजवायला लावलं नव्हतं.

पंगत

बुंदी, वांग्याची भाजी, आमटी, भात. वांगी अप्रतिम होती असं भाऊजी म्हणाले. मला चव लागत नव्हती. माझ्या डोक्यात एवढा राग होता की मी पत्रावळीकडे बघत मनातल्या मनात भाऊजींना पुण्यापर्यंत चालत पाठवत होते.

"काय वाजवली शेवटची ओळ!" भाऊजी आमटी ओरपत म्हणाले.

मी मान वर केली. "कुठली?"

"शेवटची! तो वरचा सूर सोडून जे अलगद खाली आले. हॉटेलातसुद्धा इतकी सुरेख ऐकली नव्हती मी."

"भाऊजी, तुम्ही टाळ्या पिटत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं थांबले होते मी त्या ओळीसाठी!"

"तू मागे बसलीस ना," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "प्रत्यक्ष ऐकायचं तर पुढे बसावं लागतं."

मी पानावरून उठले. अन्न टाकून उठू नये हे मला कळतं, पण आणखी एक मिनिट तिथं बसले असते तर बुंदी भाऊजींच्या डोक्यावर गेली असती.

नाना विहारामागे पाण्याच्या टाकीपाशी एकटेच होते. खांद्यावर सत्काराची शाल, नळाखाली ट्रम्पेटचं तोंड धूत होते. मी जाऊन पाया पडले. बाबांचं नाव सांगितलं. त्यांना आठवत होतं की नव्हतं कुणास ठाऊक, "व्हय व्हय" म्हणाले. मग मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. कॅसेट, टेप संपते ते, आजच्या टाळ्या. म्हटलं, "नाना, आमच्या भाऊजींनी घोळ घातला हो. त्यांच्या वतीनं मी माफी मागते. भाऊजी म्हणतात त्यांना शेवटची ओळ ऐकू आली. मला नाही आली. एकदा, अगदी हळू वाजवाल का?"

नाना माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले, पोट धरून.

"त्यांना आली व्हय ऐकू?"

"म्हणतात तसं."

"बाई, वाजलीच न्हाई ती." त्यांनी नळ बंद केला. "वरचा सूर धरला आन् कवळी सुटली. नुसती हवा. फुस्स! आता लाज जाती म्हनून उभा हुतो, नातीच्या लग्नात, सगळ्या गावापुढं. तेवढ्यात तुमच्या भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. कुनाला काय कळलं न्हाई. माफी कशाची मागता? देव भेटला म्हना."

इतका वेळ ज्या टाळ्यांवर मी चरफडत होते, त्यांच्यामुळे या माणसाची अब्रू राहिली होती.

"हे मी त्यांना सांगू का?"

"सांगा की. मला काय लपवायचंय आता? पर आज नगा सांगू. लांबून आलेत, सुखानं जेवू द्या."

"आणि ती ओळ? हॉटेलात कशी वाजवायचात?"

"रोज निराळी असायची ओ. येळेला जे येईल ते. तुमच्या वडलांनी टेप केली त्या दिशी काय वाजवलं, ते मला तरी कुठं ठावं?" त्यांनी ट्रम्पेटमधलं पाणी झटकलं. मग म्हणाले, "आज काय वाजवनार हुतो, ते सांगतो."

त्यांनी मान वळवून कवळी काढली आणि शालीच्या टोकात गुंडाळली. ट्रम्पेट मांडीवर आडवं ठेवलं. वरचा सूर त्यांनी बोळक्या तोंडानं धरला, शब्द नाहीत, नुसतं "हूं", आणि तिथून ते खाली आले. मला वाटलं होतं तसे सरळ नाही. एक पायरी उतरून थांबले, परत थोडे वर गेले, काहीतरी विसरल्यासारखे, आणि मग एकदम घरी आल्यासारखे खाली. गाल आत जात होते, बोटं मांडीवर ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. फार तर वीस सेकंद. मागे टाकीचा नळ ठिबकत होता आणि मांडवातून गुरुजी कुणाची तरी गाडी रस्त्यातून काढायला सांगत होते. माझा मोबाईल भाऊजींच्या गाडीत चार्जिंगला होता. ती ओळ आता मला गाऊन दाखवा म्हणाल तर येणार नाही. मी प्रयत्न केला आहे.

फोटोसाठी नवरीनं बोलावणं पाठवलं. नानांनी पाठ करून कवळी बसवली, शाल झटकली आणि गेले.

परतीला भाऊजी तृप्त होते. राशीन मागे पडल्यावर म्हणाले, "ग्रुपवर टाकायला हवं. मी गाडी चालवतोय, तू लिही." आणि सांगायला लागले : "मित्रहो, आज टॉमी सरांना शेवटचं ऐकलं. विशेषतः शेवटची ओळ. त्या एका ओळीत त्यांनी सगळं आयुष्य ओतलं. ज्यांनी ती प्रत्यक्ष ऐकली नाही, त्यांना ती सांगून कळणार नाही."

मी एकेक शब्द टाइप केला. काना-मात्रा बदलली नाही.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर आहे, भाऊजी," मी म्हटलं आणि पाठवून दिलं.